ज्याचा त्याचा पेला

"तोंड ज्याचं त्याचं आणि पेलाही ज्याचा त्याचा."

हे वाक्य क्रिसांतो दिमायुगा आयुष्यात एकदाच बोलला, पण जिथे बोलू नये तिथे बोलला. तिनोय मारालितचा थोरला भाऊ गेला होता. अंगणात ताडपत्रीखाली शवपेटी ठेवलेली, पेटीच्या काचेवर मेणबत्त्यांची धग, आणि तिच्यापासून चार हातांवर गावातले पुरुष गोल करून बसलेले. मधोमध कडक बिअरच्या उंच बाटल्या, बर्फाची बादली आणि पेला एकच. ओतायचं काम तिनोयचं. गावात कुठेही बाटली फुटली की ओतायला तिनोय. भावाच्या मयतालाही त्यानं तो मान दुसऱ्याला दिला नाही. पेला एकाच्या हातात जाई, रिकामा होऊन तिनोयकडे येई, भरून पुढच्याकडे जाई. क्रिसांतोची पाळी आली तेव्हा त्यानं खिशातून रुमालात गुंडाळलेला स्वतःचा पेला काढला. जाड बुडाचा, कडेला सोनेरी रेघ असलेला. "यात ओत," म्हणाला, आणि वर ते वाक्य.

तिनोयनं ओतलं नाही. त्यानं क्रिसांतोला ओलांडून पुढच्या माणसाला पेला दिला, आणि त्या दिवसापासून गावातला पेला क्रिसांतोला ओलांडूनच फिरत राहिला.

क्रिसांतोची बायको मार्सेलिना तेव्हा बायकांत बसून आल्याचा चहा गाळत होती. तिनं सगळं ऐकलं, पाहिलं. वाक्याची तिला फारशी लाज वाटली नाही. नवरे काहीबाही बोलतातच. लाज वाटली ती रुमालाची. त्याला तिनं सकाळी स्वतःच्या हातानं इस्त्री केली होती.

क्रिसांतो तरुणपणी बातांगासच्या बंदरातून जो गेला, तो केस पिकल्यावर परत आला. मधल्या काळात वर्षातून एकदा, दीड-दोन महिन्यांसाठी, पाहुण्यासारखा यायचा. तो मोठाल्या पर्यटक जहाजांवर बारमध्ये काम करी. म्हाताऱ्या श्रीमंत बायका त्याला नावानं हाक मारत, असं तो सांगे. त्यांच्या मते त्याच्यासारखी मार्टिनी सात समुद्रांत कुणी बनवत नसे, असंही सांगे. त्या बायकांनी त्याला कधी शेजारच्या खुर्चीवर बसवलं का, हे मार्सेलिनानं एकदा विचारलं होतं. "नियम असतात," तो म्हणाला. जहाजावर ओतणाऱ्यानं प्यायचं नसतं, बसायचं तर नसतंच. एवढी वर्षं उभ्यानं काढलेल्या माणसाचे गुडघे दुखत असतील, एवढंच मार्सेलिनाच्या मनात आलं.

कायमचा परतला तेव्हा त्याच्याबरोबर तीन खोकी आली. एकात पेले, एकात बाटल्या, एकात चमचे, गाळण्या, मापं आणि तो हलवायचा चकचकीत डबा. लोकांचे नवरे परदेशातून येताना टीव्ही आणतात, शिवणयंत्र आणतात, निदान साबणाच्या वड्या तरी आणतात. मार्सेलिनाच्या नवऱ्यानं आणली ती दुसऱ्यांची संध्याकाळ.

पुढच्या खोलीत सुतार लावून त्यानं काउंटर करून घेतला. त्या जागी बाळ येशूची मूर्ती होती, मार्सेलिनाच्या आईकडून आलेली, लाल मखमलीचा झगा घातलेली. क्रिसांतोनं ती उचलून फ्रिजवर ठेवली. "तात्पुरती," म्हणाला. ती तिथेच राहिली. फ्रिज सुरू झाला की बाळ येशू थरथरे, आणि मार्सेलिना भात ढवळता ढवळता त्याला म्हणे, "तूसुद्धा आता उभ्यानंच राहा, बाबा."

रोज सूर्य कलला की क्रिसांतो अंघोळ करायचा, पांढरा सदरा, काळं जाकीट घालायचा आणि काउंटरमागे जाऊन उभा राहायचा. समोर तीन उंच स्टुलं. तिन्ही रिकामी. मग तो कुणा न आलेल्या गिऱ्हाइकासाठी एक पेय बनवी. आज मॅनहॅटन, उद्या नेग्रोनी, परवा डायकिरी. मोजून ओती, तीस वेळा ढवळी, संत्र्याची साल पिळी, तिचा थेंब काचेच्या कडेवर फिरवी. या सगळ्यात त्याची बोटं सुंदर दिसत, हे मार्सेलिनालाही नाकारता येत नसे. बोटं सुंदर आणि माणूस पोकळ, असं तिला वाटे, देवळातल्या पुतळ्यांसारखं. पेय तयार झालं की ते तो स्टुलासमोर ठेवी, थोडा वेळ थांबे, मग स्वतःच उचलून उभ्या उभ्या अर्धं पिई. उरलेलं अर्धं खिडकीतल्या कुंडीत. कुंडीतली बोगनवेल दोन महिन्यांत वाळून गेली. क्रिसांतोनं मातीला दोष दिला.

सुरुवातीला लोक आले होते. नाही असं नाही. परदेशी दारू फुकट मिळतेय म्हटल्यावर कोण येणार नाही? शेजारचे तीन पुरुष केस विंचरून आले, स्टुलांवर चढून बसले. पाय जमिनीला टेकेनात. क्रिसांतोनं प्रत्येकापुढे लहान पानाएवढा रुमाल ठेवला, रुमालावर पेला आणि बशीत तीन तीन ऑलिव्ह.

"हे काय?" एकानं विचारलं.

"चखणा."

"आला ए!" तो गावच्या तोंडच्या उद्गारानं म्हणाला. "सांतो, या बिया आहेत."

"एकेक खायचं. सावकाश. मधे पेयाचा घोट."

"आणि पोट कधी भरायचं? पुढच्या लेंटच्या उपासाला?"

ते हसले. क्रिसांतो हसला नाही. त्यानं त्यांना पेला कुठे धरायचा ते दाखवलं. देठाला धरायचा, पोटाला नाही. हाताच्या ऊबेनं पेय बिघडतं. एकानं त्यात बर्फ मागितला तेव्हा क्रिसांतोनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं शाळामास्तर शेंबड्या पोराकडे पाहतो. ते तिघे पुन्हा आले नाहीत. पुढे मयतावरचा तो रुमाल, ते वाक्य, आणि सगळंच संपलं.

गावातले लोकही काही देवदूत नव्हते. एका पेल्यातून पिणारी माणसं ही, आणि हीच एकमेकांच्या कुंपणाचा खांब रात्रीतून हातभर सरकवत. एका पेल्याला दहा तोंडं लावत आणि दहा तोंडांनी मागून एकमेकांची निंदा करत. पेला फिरतोय तोवर सगळे भाऊ; पेला थांबला की जो तो आपल्या भिंतीआड. मार्सेलिना याच गावात जन्मली होती. तिला गावाचं कौतुक नव्हतं. पण गावाबाहेर राहून गावात राहता येत नाही, एवढं तिला कळत होतं, आणि एवढं न कळायला माणसाला जहाजावर जावं लागतं, असं तिचं मत झालं होतं.

एका दुपारी ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. खुराड्यामागे फणसाच्या सावलीत क्रिसांतो बसला होता. बसला होता! पालथ्या बादलीवर, अनवाणी, बनियनवर. हातात टवके उडालेला पत्र्याचा मग, मगात बर्फ, बर्फावर कडक बिअर. तीच बिअर, उंच बाटलीतली, जिला तो चारचौघांत "घोड्याचं मूत" म्हणायचा. पायाशी कागदावर तळलेली सुकी मासळी. तो मगातला बर्फ बोटानं ढवळत होता. तीसदा मोजून नाही, उगीच, पोरासारखा. एक घोट घेई, मासळीचं शेपूट चावी, आणि नाकातल्या नाकात काही गुणगुणे. त्याचा चेहरा तिला ओळखू आला. बंदरावर जायच्या आधी ज्या पोराशी तिनं लग्न केलं होतं, तो पोरगा तिथे कोंबड्यांच्या घाणीत बसून बिअर पीत होता.

तिनं हाक मारली नाही. दाणे न टाकताच माघारी आली.

नंतर तिला कळत गेलं. ही रोजची गोष्ट होती. गावातल्या दुकानातून तो घेत नसे. दुचाकीवरून पलीकडच्या बाजाराला जाई आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या पिशवीत बाटली दडवून आणी. पत्र्याचा मग धुऊन खुराड्याच्या छपरात खोचलेला असे. मार्सेलिनानं हे कुणाला सांगितलं नाही. दया आली म्हणून नव्हे. आयुष्यभर तिच्याकडे नवऱ्याचा एकही झाकलेला पत्ता नव्हता; हा एक हाती लागला होता, आणि तो इतक्यात खेळावासा तिला वाटेना. शिवाय मनात खोलवर एक ठुसठुस होती. तिथे बसून प्यायचंच होतं तर शेजारी दुसरी बादली पालथी घालायला काय झालं होतं? तिलाही कडक बिअर आवडायची. त्यानं कधी विचारलं नाही.

आणि मग रोवेनानं नवा घोळ घातला.

रोवेना त्यांची एकुलती एक. नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची, तिशी कधीच ओलांडलेली. गावानं तिच्या लग्नाचा विषय सोडून दिला होता, आणि गाव जेव्हा एखादा विषय सोडतं तेव्हा तो संपला असं समजावं. तिनं एका संध्याकाळी स्वयंपाकघरात आईला सांगितलं, "नानय, माझं ठरलंय. एर्विनशी."

"कोण एर्विन?"

"मारालितांचा. वेल्डिंगचं दुकान आहे तो."

"तिनोयचा पोरगा?" मार्सेलिनाच्या हातातला डाव भाताच्या पातेल्यात पडला. "बायो, सगळ्या बातांगासात तुला तेवढंच घर सापडलं?"

"एर्विन चांगला आहे."

"पोरगा चांगला असेल. त्याच्या बापाला तुझ्या बापानं मयतावर काय ऐकवलंय, ते विसरलीस?"

"मी नाही विसरले. तेही नाही विसरलेत." रोवेना ओट्याला टेकून उभी राहिली. आवाज शांत होता, पण बोटं आईच्या झग्याच्या टोकाशी चाळा करत होती, लहानपणी करायची तसा. "तिनोयकाका म्हणालेत, रीतीप्रमाणे मागणी घालायला येतो. आमची भांडी, आमचं जेवण घेऊन येतो. पण त्या घरात पेला फिरला पाहिजे. एकच पेला, सगळ्यांना, सांतोलाही. त्यानं घेतला तर तो माझा व्याही. नाही घेतला तर माझी भांडी मी परत नेईन, आणि पोरानं त्या घराचा उंबरा चढलेला मला चालणार नाही, असं म्हणालेत."

"आणि एर्विन?"

"एर्विन बापाविरुद्ध जाणार नाही." ती थोडं थांबली. "मीही त्याला जा म्हणणार नाही. नानय, मला पळून जाऊन लग्न करायचं नाही. या वयात पळताना किती हसू होईल."

मार्सेलिना हसली नाही. तिनं फ्रिजवरच्या बाळ येशूकडे पाहिलं. तो थरथरत होता.

क्रिसांतोला सांगितलं तेव्हा तो पेले पुसत होता. त्यानं एक पेला उजेडात धरला, डाग नाही ना ते पाहिलं. "येऊ देत," तो म्हणाला. "स्वागत करीन. असं स्वागत त्यांच्या सात पिढ्यांनी पाहिलं नसेल."

"सांतो, एक पेला घ्यायचाय. एकच घोट."

"माझ्या घरी आलेल्या प्रत्येकाला त्याचा पेला मिळेल. पेल्यांची टंचाई नाही आपल्याकडे."

"ते पेल्यांसाठी येत नाहीयेत."

"तेच तर त्यांचं दुर्दैव आहे," तो म्हणाला, आणि दुसरा पेला पुसायला घेतला.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर मारालित आले. पुढे तिनोय, ठेंगणा, रुंद, लग्नकार्याचा नक्षीदार झिरझिरीत सदरा पोटावर ताणलेला. मागे त्याची बायको आसियोन, डोक्यावर मटणाच्या रश्श्याचं पातेलं. एर्विनच्या एका हातात केळीच्या पानात बांधलेल्या चिकट भाताची टोपली, दुसऱ्यात बर्फाची बादली. शेवटी तिनोयचा धाकटा भाऊ, त्याच्या खांद्यावर कडक बिअरचं खोकं आणि हातात व्हिनेगरमधल्या कच्च्या मासळीचं भांडं. तिनोयच्या सदऱ्याच्या खिशात पेला होता. कधीकाळी त्यात कॉफी विकत मिळाली असेल; काच जाड आणि हिरवट, कडेला एक टवका. थोरल्या भावाच्या मयताला हाच पेला फिरला होता.

क्रिसांतो काउंटरमागे उभा होता. जाकीट, पांढरा सदरा, केसांना तेल. समोर सहा पेले मांडलेले, सहा आकारांचे, आणि सहांत सहा रंग. एकात पाण्यासारखं काही, तळाशी ऑलिव्ह. एकात लाल, एकात मधासारखं, एकात दुधाळ हिरवं. बाजूला एक बुटकी, काळी बाटली, बुचाला तार गुंडाळलेली.

"हे काय, सांतो, दवाखाना काढलास?" तिनोय म्हणाला. बोलण्यात काटा नव्हता. त्यानं येताना तो घरी ठेवला असावा.

"ही प्रत्येकासाठी वेगळी," क्रिसांतो म्हणाला. "माणूस पाहून पेय बनवतात. आसियोनला हे, हलकं. तुला हे, जुनं, कडक. आणि ही बाटली..." त्यानं काळ्या बाटलीवर हात ठेवला. "युरोपात एका मठातले साधू ही बिअर गाळतात. वर्षानुवर्षं अंधारात ठेवतात. तुमच्या त्या खोक्यातल्यापेक्षा दुप्पट कडक, आणि तरी माणूस पिऊन ओरडत नाही. मी ही रोवेनाच्या लग्नासाठी ठेवली होती."

रोवेनानं पहिल्यांदा वर पाहिलं. माणसानं एवढी वर्षं एक बाटली लेकीसाठी ठेवली, हे मार्सेलिनालाही ठाऊक नव्हतं. वाटलं, निभावेल बहुतेक.

"पण बर्फ स्वच्छ हवा," क्रिसांतो म्हणाला. "काचेसारखा. हात लावू नका कशाला. आलोच." आणि तो बर्फाची लादी फोडायला मागच्या ओसरीवर गेला.

तिथे त्यानं नेहमीसारखा वेळ लावला. लादी आरीनं कापायची, कोपरे घासायचे, बुडबुडा असला की तो तुकडा टाकायचा. मागून टक टक ऐकू येत राहिली.

तिनोयनं थोडा वेळ त्या सहा पेल्यांकडे पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर समज आल्यासारखा उजेड पसरला. मार्सेलिनाला तो उजेड पुढे कित्येक दिवस आठवत राहिला, कारण त्यात खरोखर कपट नव्हतं.

"आलं ध्यानात," तो आसियोनला म्हणाला. "सगळं सुटं सुटं मांडून ठेवलंय. मिसळायचं मुद्दाम माझ्यावर सोडलंय त्यानं. ओतणाऱ्याचा मान! बघ, माणूस दिसतो तसा नाही."

गावात कुणी जिन आणतं, कुणी रम, कुणी पपनसाचा रस. सगळं एका मोठ्या भांड्यात जातं, ओतणारा ढवळतो, आणि मग पेला फिरतो. सुटं मांडलेलं कुणी सुटं पीत नाही, जसं कुणी मीठ, तिखट आणि मासा तीन बशांतून खात नाही. मार्सेलिनानं ओरडायला हवं होतं. तिनं तोंड उघडलंही. पण तिनोयच्या चेहऱ्यावरचा तो आनंद, तो अनेक वर्षांनी उतरलेला राग... "ओतणाऱ्याचा मान" म्हणतोय तो. तिनं तोंड मिटलं.

तिनोयनं प्लास्टिकचा जग मागितला. रोवेनानं आईकडे पाहिलं आणि आणून दिला. त्यात पारदर्शक गेलं, लाल गेलं, मधासारखं गेलं, हिरवं गेलं. ऑलिव्ह गेलं. तिनोयनं तार सोडवून बुच उडवलं. साधूंची बिअर फसफसत बाहेर आली आणि काळ्या धारेनं जगात उतरली. वर आपल्या खोक्यातली एक बाटली, चार कालामान्सी लिंबं पिळून, बादलीतला बर्फ. मग ढवळायला काही सापडेना म्हणून क्रिसांतोचा लांब, पिळदार, रुपेरी चमचा.

"पहिला त्यांना, जे दिसत नाहीत," तिनोय रीतीप्रमाणे म्हणाला, आणि हिरवट पेल्यातला पहिला घोट काउंटरमागच्या चकचकीत फरशीवर सोडला. "आणि माझ्या भावाला."

तेवढ्यात क्रिसांतो आला. हातातल्या बशीत बर्फाचे सहा तुकडे, इतके स्वच्छ की बशी रिकामी वाटावी.

त्यानं रिकामे सहा पेले पाहिले. मग प्लास्टिकचा जग. त्यातलं पाणी ओढ्याच्या रंगाचं होतं, पूर येऊन गेल्यानंतरच्या, आणि त्यात एक ऑलिव्ह बुडत-तरंगत फिरत होतं.

"या, पारे," तिनोय दोस्ताला हाक मारावी तसा, पेला भरत म्हणाला. "घरधनी पहिला. फर्मास झालंय."

"काय केलंत हे?"

"मिसळलं. तू ठेवलंस तसं."

"मी ठेवलं तसं?" क्रिसांतोचा आवाज बारीक झाला. "ती बाटली बारा वर्षं अंधारात होती. बारा वर्षं. आणि तू तीत लिंबू पिळलंस?"

"मग काय साखर घालायची होती?" तिनोयच्या भावानं विचारलं. एर्विननं त्याला कोपरानं ढोसलं.

तिनोयनं पेला पुढे केला. त्याचा हात स्थिर होता. "सांतो, चूक झाली असेल तर झाली. चूक माझी. पण पेला तुझा. घे."

"माझा घसा म्हणजे गटार नाही."

बाहेर कुणाचा तरी कोंबडा आरवला, अवेळी. तिनोयनं पेला मागे घेतला नाही, पण त्याचा चेहरा हळूहळू बंद झाला, संध्याकाळी दुकानाची फळी लागावी तसा. आसियोननं रश्श्याच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. मग खांद्यावरचं फडकं हाताला गुंडाळून पातेल्याचा कान धरला.

एर्विन खाली पाहत होता. रोवेना मात्र बापाकडे पाहत नव्हती, एर्विनकडेही नाही. ती आईकडे पाहत होती. तिच्या नजरेत विनवणी असती तर मार्सेलिनाला सोपं गेलं असतं. तिथे फक्त एक थकवा होता, दुसऱ्यांची पोरं शिकवणाऱ्या बाईचा.

मार्सेलिना उठली. स्वयंपाकघरातून मागच्या दारानं बाहेर गेली. कोंबड्या बाजूला झाल्या. छपरात हात घालून तिनं मग काढला, आणि तसाच, न धुता, आणून काउंटरवर ठेवला. सहा रिकाम्या, पातळ, महागड्या काचांच्या मधे. मगाच्या तळाशी कालची सुकलेली फेसाची कड होती आणि एक मासळीचा काटा.

"काय हे, मारे?" आसियोननं होणाऱ्या विहिणीला विचारलं.

"याच्यात घेतो तो," मार्सेलिना म्हणाली. "रोज दुपारी. खुराड्यामागे. पालथ्या बादलीवर बसून."

"काय घेतो?"

तिनं तिनोयच्या खोक्याकडे बोट केलं. "हीच. बर्फ घालून. बोटानं ढवळतो."

क्रिसांतोनं बायकोकडे पाहिलं. तिनं त्याला आयुष्यात अनेकदा निरोप दिला होता, बंदरावर, हात हलवून. पण असं त्यानं तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

पहिला हसला तो तिनोयचा भाऊ. मग आसियोन, तोंडावर हात धरून. मग तिनोय, आणि तिनोयचं हसू आधी पोटात सुरू झालं आणि मग सदऱ्याच्या गुंड्यांवर आलं. "आला ए! पारे! कोंबड्यांबरोबर? एवढी वर्षं आम्ही मेलो होतो काय?" त्यानं डोळे पुसले. "अरे, मला वाटायचं तू आम्हाला हलकट समजतोस. तू तर आमच्याहून हलकट निघालास! आम्ही निदान मासळीचा काटा टाकून देतो."

एर्विनही हसला. आणि रोवेना, मार्सेलिनानं पाहिलं, रोवेनाही हसली. थोडंसं, पण सुटल्यासारखी. पातेल्याचं झाकण पुन्हा उघडलं.

तिनोयनं हिरवट पेल्यातलं गढूळ पाणी जगात परत ओतलं. खोक्यातली नवी बाटली दातानं फोडली, पेल्यात बादलीतले तुकडे टाकले, काठोकाठ भरला. "हे घे," तो मऊ आवाजात म्हणाला. "साधूंचं राहू दे. आपलं घे, व्याही."

क्रिसांतोनं पेला घेतला. पोटाला धरून, देठ नव्हताच. एका दमात प्यायला, मधे न थांबता, घशाची गाठ वरखाली होताना सगळ्यांना दिसली. मग रीतीप्रमाणे तळाचे थेंब फरशीवर झटकले आणि पेला तिनोयच्या हातात परत दिला. सगळं बरोबर केलं. कुठेही चूक नाही. हे सगळं त्याला आधीपासून येत होतं, आणि तेच सगळ्यांत केविलवाणं होतं.

टाळ्या पडल्या. तिनोयनं पेला पुन्हा भरला आणि मार्सेलिनासमोर धरला. "आता विहीणबाई."

तिनं घेतला. बिअर थंड होती, कडक होती, तिला आवडायची तशीच. तिनं दुसरा घोट घेतला नाही. पेल्याच्या काठावरून तिला दिसलं, क्रिसांतो जाकिटाच्या गुंड्या सोडत होता. एकेक, वरून खाली. त्यानं जाकीट घडी घालून काउंटरवर ठेवलं, बाह्या आत दुमडून, दुकानात ठेवतात तसं. मगाला हात लावला नाही. बशीतले बर्फाचे सहा तुकडे वितळायला लागले होते. त्यांच्याकडेही पाहिलं नाही.

तिला वाटलं, आता मागच्या दारानं खुराड्याकडे जाईल.

तो पुढच्या दाराकडे वळला. आसियोननं पाय आखडून वाट दिली. तिनोय "अरे, जेवून तरी..." म्हणेपर्यंत त्यानं उंबरा ओलांडला होता, आणि दाराशी काढलेल्या चपला तशाच सोडून, अनवाणी, तो उन्हातल्या रस्त्याला लागला.